मनगट

"बाई, तुमच्या पिशवीतून कागद पडताहेत," एवढंच त्या माणसाला सांगायचं होतं. त्याने दोनदा हाकही मारली होती, असं नंतर बसथांब्यावरच्या एका मुलीने सांगितलं. जिला मारली तिला ऐकूच आली नाही. दिवसभर लोकांचे कान तपासून पोट भरणारी बाई, आणि चार पावलांवरून मारलेली हाक तिच्या कानावरून गेली. ती चालत होती तिच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे सारं लक्ष बेंबीखाली दोन बोटांवर, खांदे सैल, पाऊल टेकताना श्वास सोडत. एकोणीस वर्षं ती ही मन स्थिर ठेवायची आणि अंगावर आलेल्याला पाडायची जपानी विद्या शिकत होती आणि त्यातली अकरा वर्षं दुसऱ्यांना शिकवत होती. सकाळचे अकरा वाजले होते, फुटपाथवर लख्ख ऊन होतं, आणि मागून तिच्या उजव्या खांद्यावर एक हात पडला. पुढचं सगळं तिच्या आधी झालं. वळायचं तिने ठरवलं नव्हतं. ती वळलेली होती. तो हात तिच्या हातात होता, त्याचा पंजा बाहेरच्या अंगाला पिळला गेला होता, तिची कंबर खाली बसली होती, आणि एक सबंध माणूस, चष्म्यासकट, काखेतल्या कापडाच्या गुंडाळीसकट, तिच्यासमोर अर्धं वर्तुळ काढून फरशीवर पडला. पडताना टक् असा आवाज झाला. तीस डेसिबल, तिच्या डोक्याने तेवढ्यातही मोजलं. कुजबुजीएवढा.

आणि तिला बरं वाटलं. नंतर कितीतरी दिवस ती या गोष्टीसाठी दुसरा शब्द शोधत राहिली, म्हणजे जरा कमी लाजिरवाणा, जरा जास्त गुंतागुंतीचा. पण होता तो एवढाच. बरं वाटलं. इतकं की त्या क्षणी ऊन आणि ती, फरशी आणि तिचे तळवे, असा काही फरक उरला नव्हता. आत कुणी बोलत नव्हतं. कायम मागे कुठेतरी बसून तिच्यावर नजर ठेवणारी ती दुसरी, जिला तिने लहानपणापासून स्वतःच्या पाठीवर वागवलं होतं, ती उठून गेली होती. दोन सेकंद. फार तर तीन. मग खाली पडलेला माणूस "आई गं" म्हणाला, ती मुलगी धावत आली, कुणीतरी कागद गोळा केले, कानतपासणीच्या त्या आलेखांवरची लाल वर्तुळं आणि निळ्या फुल्या वाऱ्याने फडफडल्या, आणि ती दुसरी पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. चौकातला पोलीस आला तेव्हा त्या माणसाने, साठीच्या पुढचा असावा, डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरला होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पोलिसाने काय झालं विचारलं. त्याने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "काही नाही. मी घसरलो."

हॉस्पिटलात ती त्याच्याबरोबर गेली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. तो बुकबाइंडर होता. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत तळघरात त्याचं दुकान होतं, एकट्याचं. हे त्याने सांगितलं ते डॉक्टरला, तिला नव्हे. तिच्याकडे तो वळला तो एकदाच, निघताना. "तुम्ही घरी जा आता," तो म्हणाला. "घाबरलेल्या दिसता." ती घाबरलेली नव्हती. भेदरायचं म्हणजे काय हे आपण कुठे हरवून आलो, याचा ती विचार करत होती.

घरी नवऱ्याला तिने चहाच्या वेळी सांगितलं. नवरा बसच्या कंपनीत वेळापत्रकं बनवायचा. कुठली गाडी कुठल्या मिनिटाला कुठे असायला हवी आणि का नसते, याचा त्याला दांडगा अनुभव होता, त्यामुळे त्याला कशाचं नवल वाटत नसे. तिच्या साधनेला त्याचा विरोध नव्हता. फक्त चेष्टा होती. जपानीत प्राणशक्तीला 'की' म्हणतात, हे तिने लग्नाच्या सहाव्या वर्षी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो रोज विचारायचा, "आज काय, असं की तसं की?" नातेवाइकांत तिचं नाव 'बर्फाची लादी' असं पडलं होतं आणि ते त्यानेच पाडलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"मोडलं म्हणजे, खरंच मोडलं?" त्याने कप खाली ठेवला.

"दोन ठिकाणी."

"तुला राग आला होता?"

"नाही."

"घाबरलीस?"

"नाही रे."

"मग?" त्याने कप बाजूला सरकवला. मग हसला, पण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "वीस वर्षांत माझ्या अंगावर एकदा उशीसुद्धा फेकली नाहीस तू. मी किती प्रयत्न केले! आणि हा कोण कुठला बाइंडर, त्याला पहिल्याच दिवशी."

त्याने हे गमतीत म्हटलं खरं. पण ती कप विसळायला उठली तेव्हा तिला जाणवलं की तो दुखावला गेलाय, आणि त्याला स्वतःला ते कळलेलं नाही. तिला त्याला सांगता आलं असतं. बरं वाटलं, असं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तिने श्वास सोडला, खांदे सैल केले, लक्ष बेंबीखाली नेलं, आणि ते शब्द आपसूक विरघळले, जसे वर्षानुवर्षं विरघळत आले होते.

दुसऱ्या संध्याकाळी क्लास होता. शाळेचा व्यायामाचा हॉल, त्यात चटया, चौदा माणसं गुडघ्यांवर बसलेली. हकीकत तिच्या आधी तिथे पोचली होती. बसथांब्यावरच्या मुलीची मावशीच क्लासला येत होती. ती शिकवायला चटईवर बसली तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी दबलेलं, उकळतं होतं. शेवटी दातांचा डॉक्टर, जो चार वर्षं येत होता आणि ज्याचे खांदे चार वर्षांत एकदाही खाली आले नव्हते, त्याला राहवलं नाही. "ताई," तो म्हणाला, "म्हणजे हे खरंच चालतं!" आणि सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. ती माणसं खूश झाली होती. एकमेकांच्या छातीवर एक बोट टेकवून ढकलून बघायचं, मन स्थिर असेल तर माणूस हलत नाही. हात लांब करायचा, तो पाण्याच्या नळीसारखा वाहतो आहे असं मनात आणायचं, म्हणजे समोरच्याला तो वाकवता येत नाही. हे सगळं इतकी वर्षं त्यांनी भक्तिभावाने केलं होतं आणि तरी आत कुठेतरी प्रत्येकाला शंका होती. आता ती फिटली. एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं आणि चौदा जणांची श्रद्धा पक्की झाली. ती म्हणाली, "सुरुवात करू या," आणि त्या दिवशी सगळे कधी नव्हे इतके मन लावून बसले. फक्त तिलाच बसता येईना. गुडघे दुखायला लागले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

तिने ही साधना धरली ती शांत व्हायला, असं लोकांना वाटे. खरं म्हणजे शांत ती त्याच्या कितीतरी आधी झाली होती. तिची आई रागीट होती. रागीट म्हणजे कसं, तर घरात आईच्या पावलांचा आवाज कोणत्या लयीत येतोय यावरून दिवस कसा जाणार हे कळायचं, आणि ती पाचव्या वर्षीच ते ओळखायला शिकली. बहुधा तिथेच तिचे कान तयार झाले. दाराची कडी किती जोरात लागली, पातेलं ओट्यावर ठेवलं की आपटलं, आई हाक मारताना नावाचा शेवट वर नेते की खाली आणते. मग एक दिवस, ती नऊ-दहा वर्षांची असेल, आईने काचेची बरणी जमिनीवर फोडली आणि स्वतःच त्या काचांत खाली बसून रडायला लागली. तिने केरसुणी आणली आणि आईच्या भोवतीने हलके हलके काचा गोळा केल्या. आई म्हणाली, "तू तरी माझ्यासारखी होऊ नकोस गं." ती झाली नाही. एवढी आज्ञाधारक मुलगी कुणाला मिळाली नसेल. पुढे शाळेत, नोकरीत, संसारात जे जे पेटण्यासारखं आलं त्याच्याभोवतीने तिने हलके हलके केरसुणी फिरवली. आई वारली त्या दिवशीही सगळी धावपळ तिनेच केली, आणि मामा म्हणाला, "पोरगी कशी दगडासारखी उभी आहे बघा." कौतुकाने म्हणाला.

मग तिला सर भेटले. सर म्हणजे जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी सात महिने अडकून पडलं, तेव्हा वेळ जात नाही म्हणून ते एका म्हाताऱ्याकडे जाऊन बसायला लागले आणि परत आले ते हे घेऊन. तिला पहिल्या दिवशी त्यांनी छातीवर बोट टेकवून ढकललं. ती हलली नाही. नवखी माणसं सगळी हलतात. सरांनी पुन्हा ढकललं, मग बोट काढून घेतलं आणि भुवया चढवल्या. "तू स्थिर नाहीस," ते म्हणाले. "तू गच्च आहेस." तिला त्यातला फरक तेव्हा कळला नव्हता. नंतर कळला असं तिला वाटलं, आणि ती तो चौदा जणांना समजावून सांगायला लागली. एकदा तिने सरांना विचारलं होतं, मन आणि शरीर खरोखर एक होतं तेव्हा कसं वाटतं? सर हातपंख्याने वारा घेत होते. "तुझं झालं की येऊन सांग," ते म्हणाले, "मलाही ऐकायचंय." ते जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ऐकायला ते नव्हते. असते तरी ती काय म्हणणार होती? सर, झालं. एका म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं, तेव्हा झालं.

चौथ्या दिवशी ती फळांची पिशवी घेऊन बाइंडरच्या दुकानात गेली. पाच पायऱ्या उतरून खाली जावं लागे. खिडकी छताला लागून होती आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. आत खळीचा आंबूस वास. भिंतीला लागून जुन्या पुस्तकांचे ढीग, सगळी वाचनालयाची, पाठी फाटलेली, काहींच्या पोटातून पानं बाहेर आलेली. तो स्टुलावर बसून डाव्या हाताने एका कण्यावरचा वाळलेला सरस खरवडायचा प्रयत्न करत होता आणि पुस्तक दर वेळी निसटत होतं.

"काका, मी..."

"ओळखलं." त्याने पिशवीकडे बघितलं. "फळं कशाला? मला हात पाहिजे."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं की हिशेबी वस्तुस्थिती म्हणून, हे तिला त्याच्या आवाजावरून ओळखता आलं नाही, आणि आवाज ओळखता न येणं तिला सवयीचं नव्हतं. तीस तारखेपर्यंत एकशे दहा पुस्तकं द्यायची होती. तिने पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि पुस्तक धरलं. दुसऱ्या दिवसापासून तिने क्लिनिकमध्ये सकाळची रजा टाकली. नवरा म्हणाला, "आता त्याचं उरलेलं मनगट तरी सांभाळ." पण रोज सकाळी डबा तोच भरून देऊ लागला, दोघांना पुरेल एवढा.

बाइंडर बोलका होता, पण पुस्तकांशी. "काय रे, कुणी केली ही दशा?" असं तो एखाद्या फाटक्या खंडाला विचारायचा आणि तिला सांगायचा ते हुकूम. हा फर्मा उलटा लागलाय. ती घडी आतून पातळ कागदाने सांध. खळ बोटाने नको, ब्रशने, आणि मधून कडेकडे. ती शिकत गेली. शिलाई सगळ्यात अवघड होती. दुमडलेल्या पानांचा एकेक फर्मा एकावर एक ठेवायचा, घडीच्या पोटातून सुई घालायची, बाहेर उभ्या ताणलेल्या दोऱ्यांना वेढा देऊन पुन्हा आत, आणि टोकाला पोचलं की खालच्या फर्म्याला गाठ मारून वर चढायचं. सैल राहिलं तर पुस्तक उघडताच भसाभस सुटतं, आवळलं तर दोरा कागद कापतो. तिला वाटलं होतं आपल्याला हे पटकन येईल. श्वासाबरोबर हात चालवायचा, एवढंच तर आहे. पण ती लक्ष बेंबीखाली नेऊन शिवायला बसली की बाइंडर हमखास खेकसायचा, "कुठे गेलात? इथे बघा, दोऱ्याकडे!" आणि ती दचकून परत यायची. चौदा लोकांना जे जमावं म्हणून ती अकरा वर्षं धडपडत होती, ते या तळघरात कामचुकारपणा ठरत होतं.

दुपारी क्लिनिकमध्ये गेली की तिला आपल्या बोटांना खळीचा वास येतोय असं वाटायचं. आवाजबंद खोलीत माणसं बसलेली असत, कानांवर हेडफोन, हातात बटण. "अगदी बारीक ऐकू आलं तरी दाबा." म्हातारी माणसं लबाडी करत, आवाज नसतानाही बटण दाबत, ऐकू येत नाही असं ठरू नये म्हणून. काचेपलीकडे त्यांचे चेहरे ती बघत राहायची. ताणलेले, आशाळभूत. आपणही असंच केलं का? एकोणीस वर्षं? आवाज नसताना बटण दाबत आलो, आणि खरा आवाज आला तो नेमका त्या फुटपाथवर? तिने तो प्रसंग इतक्या वेळा आठवून पाहिला की तो झिजला. पहिले काही दिवस ती अपराधाच्या भावनेने आठवायची. मग तिला कळलं की आपण अपराधासाठी आठवत नाही. आपण तिथे परत जायला बघतो आहोत, त्या तीन सेकंदांत. प्रत्येक वेळी तिथे थोडी शांतता मिळते आणि प्रत्येक वेळी ती थोडी कमी मिळते. आणि शेजारी तो माणूस कण्हत पडलेला आहे, त्याच्यावरून पाय ओलांडून ती जाते आहे.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंच ना, आणि त्या 'एवढंच'मध्ये सगळं संपलं असतं. क्लासला सांगितलं असतं तर दातांच्या डॉक्टरने वहीत लिहून घेतलं असतं. राहिला एकच माणूस.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाइंडरनेच विषय काढला. त्याच्या बोटांना सूज कमी होती, आदल्या दिवशी बावन्नावं पुस्तक संपलं होतं, आणि तो बऱ्या मूडमध्ये होता. डब्यातलं खात खात तो म्हणाला, "त्या दिवशी पोलिसाला मी घसरलो का म्हणालो, माहितेय?"

"मला वाटलं, लाज वाटली असेल. एका बाईने पाडलं म्हणून."

"ती वाटलीच. खोटं कशाला बोलू." तो हसला. "पण तसं नाही. मी पडलो, डोळ्यांपुढे काजवे, आणि वर बघितलं तर तुमचा चेहरा. बाई, इतक्या मायेने माझ्याकडे बायको गेल्यापासून कुणी बघितलं नव्हतं. मला वाटलं, हिच्याकडून चुकून झालं आणि हिला माझ्यापेक्षा जास्त दुखलं. मग म्हटलं, जाऊ दे. अशा बाईला कशाला पोलीसबिलीस."

तिने घास खाली ठेवला. बाहेर खिडकीत पाय येत होते, जात होते. एका लहान मुलाचे पाय थांबले आणि कुणीतरी त्यांना ओढून नेलं. तिला श्वास सोडता आला असता. खांदे सैल करता आले असते. हा माणूस एका चेहऱ्याच्या आधाराने तीन आठवडे बसला आहे, त्याला बसू द्यावं. पण तिला ते सहन होईना. आपल्याला न वाटलेल्या मायेचं कौतुक रोज इथे बसून खायचं, हे तिला होईना, आणि तेव्हा तिला वाटलं की हा आपला प्रामाणिकपणा आहे.

"काका, ती माया नव्हती."

"मग?"

"मला बरं वाटत होतं." तिने सांगितलं. सगळं सांगितलं, ऊन, तळवे, आतली दुसरी बाई उठून गेली ते, एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याच क्षणी कसं मिळालं ते. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होत गेला. "तुम्ही पडलात हे मला दिसत होतं. हाडाचा आवाजही मी ऐकला. तरी मला बरं वाटत होतं. तुमच्याकडे मी बघत होते, पण ते तुमच्यासाठी नव्हतं."

 बाइंडरने डाव्या हाताने डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, ती मदतीला पुढे झाली तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या." मग म्हणाला, "हे मला का सांगितलंत?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं तर ते तुमच्याजवळ ठेवायचं होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमचं झालं हलकं. दिसतंय तोंडावर. आता हे मी कुठे ठेवू? आतापर्यंत माझा नुसता हात मोडला होता."

त्याचं बरोबर होतं. तिचं हलकं झालं होतं. आताही, या क्षणी, त्याच्यासमोर बसून, तिला बरं वाटत होतं. दुसऱ्यांदा. आणि ते ध्यानात आल्यावर तिच्या पोटात, बेंबीखाली दोन बोटं, नेमक्या त्याच जागी, काहीतरी गार आणि जड उतरलं आणि ते श्वासाने हललं नाही.

"मी येणं बंद करू का?" तिने विचारलं.

"करा की! म्हणजे तेही तुम्हाला सोपं." आता मात्र तो ओरडला. छताजवळच्या खिडकीतले एक जोडी पाय क्षणभर थबकले. "हात मोडायचा, बरं वाटून घ्यायचं. मग येऊन सांगायचं, बरं वाटून घ्यायचं. आणि मग निघून जायचं. अठ्ठावन्न पुस्तकं कोण शिवणार, तुमचा जपान?" तो धापा टाकत थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलोय, बाई. बरेच दिवस रागावलेला राहणार आहे. उद्या नऊला या. आज तोंड दाखवू नका."

ती पायऱ्या चढून वर आली. क्लिनिकला जायला वेळ होता, म्हणून ती नुसतीच चालत राहिली. पाऊल टेकतंय, उचलतंय, असं काही तिने केलं नाही. लोकांचे धक्के लागले. एका दुकानात कुणीतरी कुणाला उधळ्या म्हणून झापत होतं, ते तिने उभं राहून ऐकलं. संध्याकाळी क्लासमध्ये तिने सांगितलं की पुढचे काही आठवडे पाडापाडीचं तंत्र शिकवणार नाही. दातांच्या डॉक्टरने कारण विचारलं. "मला ते येत नाही," ती म्हणाली. त्यांना तो विनय वाटला. तिने पुन्हा सांगितलं, "मला खरंच येत नाही. तुम्हाला हवं तर दुसरीकडे शिका." पुढच्या वेळी चौदातले नऊच आले, आणि तिच्या ध्यानात आलं की न आलेल्या पाचांचा तिला राग येतो आहे, लहानसा, हट्टी, चपलेत खडा जावा तसा. तिने तो काढून टाकला नाही. घरी नवऱ्याने विचारलं, "आज काय, असं की तसं की?" तर ती म्हणाली, "तो विनोद आता पुरे. चौदा वर्षं झाली."  मग, का कोण जाणे, त्याने तिला आणखी एक पोळी वाढली.

आणि रोज नऊ वाजता ती तळघरात जात राहिली. बाइंडर बोलत नसे. पुस्तकांशीसुद्धा बोलायचा बंद झाला होता. हुकूम तेवढे यायचे, एकेका शब्दाचे: खळ. कात्री. उलटं. त्या चिंचोळ्या खोलीत त्याचा राग तिसऱ्या माणसासारखा बसलेला असायचा. लहानपणापासून तिला अशा खोलीत एकच गोष्ट करता येत होती: राग कुठल्या दिशेने येतोय ते ऐकायचं आणि त्याच्याभोवतीने केरसुणी फिरवायची. पहिले दोन दिवस तिने तेच केलं. त्याने मागायच्या आधी कात्री पुढे करायची, पाणी आणून ठेवायची, आवाज न करता उठायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझ्याभोवती नाचू नका. शिवा." मग ती नुसती शिवत बसली. सुई आत, बाहेर, वेढा, आत. त्याच्या रागाचं काहीही न करता. ते इतकं अवघड होतं की दुपारी क्लिनिकमध्ये आलेखावर तिच्या हातून वर्तुळाच्या जागी फुली पडायची. पण पुस्तकं संपत होती. सत्तर. ब्याऐंशी. शंभर.

एकोणतीस तारखेला तीन पुस्तकं उरली. त्यातलं जाडजूड, सातशे पानांचं, तिने आदल्या दिवशी सुरू केलं होतं आणि त्या सकाळी संपवलं. शेवटची गाठ मारून तिने ते बाइंडरसमोर ठेवलं. त्याने डाव्या हाताने कणा चाचपला, पानं मधोमध उघडली, अंगठ्याने घडी दाबली.

"सैल आहे."

"कुठे?"

"मधले आठ-दहा फर्मे. उसवा."

"सैल नाहीये ते," ती म्हणाली. "मी प्रत्येक फर्म्याला ओढून पाहिलंय."

"वर ओढलंत. कण्याच्या दिशेने ओढायचं असतं. कितीदा सांगितलं."

"कण्याच्याच दिशेने ओढलंय!"

"मग सैल कसं?"

"सैल नाहीये म्हणते ना! तुम्ही उगाच काढताय." ती उभी राहिली होती, केव्हा ते तिला कळलं नाही. "तीन दिवस झाले, जे करते ते उलटं, जे करते ते सैल. तुम्हाला माझा राग आहे तर माझ्यावर काढा ना, त्या पुस्तकावर कशाला काढता? बोटं बघा माझी, भोकं पडलीत! सातशे पानं शिवलीत मी, सातशे!" तिचा आवाज त्या खोलीच्या मानाने फार मोठा होता. ऐंशी डेसिबल तरी असावा. तिने मोजला नाही. भिंतीवरची फळी दणाणली, खळीच्या भांड्यातला ब्रश घरंगळून खाली पडला. तिची कानशिलं तापली होती, आणि तिला अजिबात बरं वाटत नव्हतं. हात तिच्या दोन बाजूंना लोंबत होते. त्यांना काही करायचं नव्हतं.

बाइंडर तिच्याकडे बघत होता. दचकला होता तो, पण मागे सरला नव्हता.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही झालं."

"मग ओरडा अजून. पण हे सैलच आहे." त्याने पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि घडीत नख घालून दोरा उचलून दाखवला. दोरा उचलला गेला. नखाएवढा, पण गेला.

तिने खाली वाकून बघितलं. मग नाक ओढलं, खुर्ची पुढे घेतली आणि कात्री उचलली. "आठच फर्मे," ती म्हणाली. "दहा नाही."

"बघू," बाइंडर म्हणाला, आणि प्लास्टरातला हात टेबलावर टेकवून, पान हलू नये म्हणून, पुस्तकाचं दुसरं टोक त्याने दाबून धरलं.